पांढरा आत, तांबडा बाहेर

"ह्यात फोटो कुठाय?"

फ्लेक्सच्या दुकानातल्या ऑपरेटरनं मला हे तीनदा विचारलं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा जरा काळजीनं, आणि तिसऱ्यांदा असं की बाबा घरी सगळं बरं आहे ना. पेनड्राइव्हमधनं मी त्याला दिलेल्या फाइलमध्ये होतं काय, तर सगळं काळं, मधोमध एक त्रिकोण, डावीकडनं आत जाणारी एक पांढरी रेघ आणि उजवीकडनं बाहेर पडणारा रंगांचा पट्टा. बास. आठ बाय सहा. ना फोटो, ना नाव, ना 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', ना खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज रांग. दोस्ताची चाळिशी होती, कॉलेजात आम्ही दोघांनी पिंक फ्लॉइड ह्या इंग्लिश रॉक बँडच्या एका कॅसेटवर, डार्क साइड ऑफ द मूनवर, तीन वर्षं काढलीत, म्हटलं गल्लीच्या तोंडाला त्याचा फ्लेक्स लावायचाच तर त्या कव्हरचाच लावू.

"काळं लई हाय भावा ह्यात, शाई पिणार बघ. आन लोकांना कळणार कसं कुणाचा बड्डे हाय ते?"

"ज्याला कळायचं त्याला कळंल की."

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

ह्या शेवटच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता हे सगळं लिहितोय ते त्या पोराला द्यायचं राहून गेलेलं उत्तर समजा, लांबलंय जरा, पण रॉक ऐकणारी माणसं थोडक्यात बोलत नाहीत, आमची गाणीच वीस-वीस मिनिटांची असतात.

माझं म्हणणं असं. अल्बमच्या कव्हरवर बँडनं स्वतःचं थोबाड जितकं कमी दाखवलं तितकं ते कव्हर डोक्यात जास्त दिवस बसलंय. आणि आमच्या कोल्हापुरात चौकाचौकात बरोबर उलटा धंदा चाललाय, थोबाड जितकं मोठं तितकं ते लवकर विसरायला होतं. दसरा चौकातनं बिंदू चौकापर्यंत गाडीवरनं या आणि मला सांगा वाटेत किती जणांचे वाढदिवस होते. नाही सांगता येणार. सगळ्यांचा गॉगल एकच, सगळ्यांच्या कानाला फोन एकच, सगळ्यांच्या मागं तोच वाघ किंवा तोच निळा ढग, आणि सगळे 'भावी'. आता डार्क साइड ऑफ द मूनचं कव्हर डोळे मिटून आठवा. आलं का नाही? ज्यानं आयुष्यात पिंक फ्लॉइडचं एक गाणं ऐकलेलं नाही त्याला पण तो त्रिकोण कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो.

ते कव्हर १९७३ चं. हिप्नोसिस नावाची लंडनची डिझाइनवाली जोडी, स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल, त्यांची आयडिया आणि चित्र काढलं जॉर्ज हार्डीनं. मूळ एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डीच्या, पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, काही नाही. शाळेत आपण तानापिहिनिपाजा पाठ केलंय ना, त्यातला पारवा त्यांनी गाळलाय, सातच्या जागी सहाच रंग आहेत, मोजून बघा. तो पट्टा कव्हर उघडलं की आत पुढं सरकतो, आत त्याची हृदयाच्या ठोक्यासारखी रेघ होते (अल्बम सुरू पण ठोक्यानं होतो आणि संपतो पण ठोक्यानंच) आणि पाठीमागं उलट्या प्रिझममध्ये जाऊन मिळतो, म्हणजे दुकानात दहा रेकॉर्डी शेजारीशेजारी मांडल्या तर तो उजेड एका कव्हरातनं दुसऱ्या कव्हरात जातच राहतो. मला हे सगळं कधी कळलं, तर अल्बम पाठ झाल्यावर पाच-सहा वर्षांनी. कारण कॅसेटवर पाठीमागचं काही नव्हतंच, वर चौकोनात बोटाएवढा त्रिकोण, खाली गाण्यांची नावं आणि किंमत. आमच्या दोघांचं तेव्हाच ठरलं होतं की एका बाजूनं पांढरा आत जातोय आणि दुसऱ्या बाजूनं तांबडा बाहेर येतोय, ह्याच्याहून कोल्हापुरी कव्हर जगात झालं नाही आणि होणार नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ मध्ये मिळून ७४१ आठवडे होता. आमच्याकडचा फ्लेक्स ७४१ तास टिकला तर महानगरपालिकेची गाडी सुट्टीवर आहे असं समजायचं.

आता मला सांगा, ह्याच लोकांनी त्याआधी तीन वर्षं काय केलं असेल? १९७०, ॲटम हार्ट मदर. कव्हरवर एक गाय. लंडनच्या बाहेर मोकळ्या रानात गेले, पहिली जी गाय दिसली तिचा फोटो काढला, छापला. गायीचं नाव लुलुबेल तिसरी. बँडचं नाव पुढं नाहीच. ती गाय मागं वळून अशी बघते की तुम्हीच तिच्या वाफ्यात पाय टाकलाय. अल्बमची पहिली बाजू म्हणजे सबंध एकच गाणं, बॅन्डबाजा, कोरस, सगळं, आणि खरं सांगायचं तर मला ते अजून पण नीटसं पचलेलं नाही, पण कव्हर म्हणाल तर मी ते घरात फ्रेम करून लावलंय. बायकोनं विचारलं आपल्यात गाय कशाला, म्हैस तरी लावायची. तिचं बरोबर आहे. ज्या गावात संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास हातात देतात, आणि दिवाळी पाडव्याला गवळी लोक म्हशींना रंगवून, शिंगांना मोरपिसं लावून पळवतात आणि म्हशी पळतात कुणाच्या मागं तर सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलच्या मागं, त्या गावाला रॉक म्हणजे काय हे शिकवायला इंग्लंडहून कुणी यायची गरज नाही. पुढं म्हशी, मागं धूर, वर तो फाटका आवाज. एवढं मेटल कव्हर स्वीडनवाल्यांना पण जमलेलं नाही.

लेड झेपलिन बँडचा चौथा अल्बम घ्या, १९७१. नाव नाही, टायटल नाही, कंपनीवाले नको नको म्हणत होते. पोपडे निघालेल्या भिंतीवर एक फ्रेम आणि फ्रेममध्ये पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. पन्नास वर्षं जगभरच्या पोरांच्या खोलीत हा म्हातारा लटकला आणि कुणालाच माहीत नाही हा कोण. मग २०२३ मध्ये इंग्लंडातल्या एका अभ्यासकाला जुन्या अल्बममध्ये मूळ फोटो सापडला, १८९२ चा. तो म्हातारा निघाला विल्टशायरमधल्या खेड्यातला घरं शाकारणारा कारागीर, लॉट लाँग नावाचा. मला ही बातमी वाचून उगंच भरून आलं. त्याच्यावर ना कुणी 'शुभेच्छुक' टाकलं होतं, ना 'भावी'. पाठीवर मोळी होती एवढंच. आणि त्यातल्या स्टेअरवे टू हेवन गाण्याच्या आठ मिनिटांत जी हवा आहे ना, गारठ्याची, जुन्या गावाची, ती त्या कव्हरमुळं डोक्यात आधीच तयार असते, असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

बीटल्सनी तर दहा मिनिटांत काम केलं. ८ ऑगस्ट १९६९, स्टुडिओच्या बाहेरचा झेब्रा क्रॉसिंग, पोलिसानं गाड्या थांबवून धरल्या, फोटोग्राफर इयन मॅकमिलन शिडीवर चढला, सहा फोटो काढले, झालं ॲबी रोडचं कव्हर. पुढच्या बाजूला नाव नाही, हे कोण हे सांगायची गरजच नव्हती. (८ ऑगस्ट ही तारीख आम्हा कोल्हापूरकरांना आता दुसऱ्याच कारणानं लक्षात राहते, २०२४ ला त्याच रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. असो.) महाद्वार रोडवर शनिवारी संध्याकाळी चौघांनी एका रेषेत रस्ता ओलांडून दाखवावा, मी स्वतः शिडीवर चढतो.

आता माझ्या थिअरीत मोठं भोक आहे आणि ते मला माहिती आहे. बीटल्सचाच सार्जंट पेपर. १९६७ चं हे कव्हर म्हणजे सरळसरळ फ्लेक्स आहे हो! मधी चार हिरो रंगीबेरंगी युनिफॉर्म घालून, पुढं फुलांनी लिहिलेलं नाव, आणि मागं दाटीवाटीनं उभे समस्त मित्र परिवार, त्यात मार्लन ब्रँडो, कार्ल मार्क्स, बॉक्सर सनी लिस्टन, आणि जॉर्ज हॅरिसनच्या वशिल्यानं आलेले आपले चार योगी, त्यात परमहंस योगानंद पण. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ ह्या नवरा-बायकोनं ते पुठ्ठ्याचे कटआउट आणि मेणाचे पुतळे उभे करून बनवलं. गांधीजी पण होते, पण भारतात रेकॉर्ड विकायची पंचाईत होईल म्हणून कंपनीनं काढायला लावले. मंडळाच्या फ्लेक्सवर शेवटच्या रात्री कुणाचा फोटो उडतो आणि कुणाचा घुसतो ते राजकारण ज्यानं बघितलंय त्याला हे नवीन नाही. मग हे कव्हर एवढं भारी कसं, तर माझं उत्तर असं की त्यात चेहरे साठ-सत्तर असले तरी एकही चेहरा 'मला बघा' म्हणत नाही. ते कोडं आहे. तुम्ही शोधत बसता, हा कोण, तो कोण, अरे हा इथं काय करतोय. आमच्या फ्लेक्सवर शोधतात फक्त ज्यांचा फोटो आहे तेच, आणि ते पण स्वतःलाच.

त्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सच्या ॲक्सिस बोल्ड ॲज लव्हच्या कव्हरवर आपल्याकडचं विष्णूच्या विराटरूपाचं छापील चित्र उचललं आणि त्यात बँडमधल्या तिघांची तोंडं बसवली. आपण घरी दिनदर्शिकेवर बघतो तसलंच. हेंड्रिक्सला ते फारसं रुचलं नव्हतं. त्याचं म्हणणं, मला इंडियनच दाखवायचं होतं तर माझे अमेरिकेतले इंडियन पूर्वज दाखवायचे होते. नाव एक, माणसं वेगळी, डिझायनरनं भलत्याच देशातनं चित्र आणलं. पण मला ते कव्हर आवडतं, अगदी मनापासून, लहानपणी आजोळी देव्हाऱ्यामागं असलंच एक चित्र होतं, त्यातलं एखादं तोंड माझ्याकडं बघून गिटार वाजवणार असं मला आता राहून राहून वाटतं. रोलिंग स्टोन्स बँडचं चिन्ह असलेली जीभ पण आपल्याकडनंच गेलेली, त्यांचा गायक मिक जॅगरनं कालीचं चित्र दाखवलं आणि जॉन पाश ह्या पोरानं त्यातनं ती लालभडक जीभ काढली.

ती जीभ पहिल्यांदा आली १९७१ च्या स्टिकी फिंगर्सवर. ह्याचं कव्हर मी प्रत्यक्ष हातात घेतलंय, बेळगावला मामाकडं, मामा बोटीवर नोकरीला होता. पुढं जीन्स पँटचा फोटो, कमरेपासून मांडीपर्यंत, आणि त्याला खरीखुरी चेन. आयडिया चित्रकार अँडी वॉरहॉलची. मी दहावीत. मामा म्हणाला चेनला हात लावायचा नाही. मी लावला. मामी चहा घेऊन आली, मी कव्हर घाईनं पालथं घातलं आणि पाठीमागं बघतो तर त्याच पँटची मागची बाजू. मामीनं काही न बोलता ती रेकॉर्ड सुधीर फडक्यांच्या मागं नेऊन ठेवली. नंतर कळलं की ह्या चेननं कंपनीला पण घाम फोडला होता, गठ्ठ्यात रेकॉर्डी एकावर एक ठेवल्या की चेनचा दाब वरच्या रेकॉर्डीवर पडून गाण्याला खड्डा पडायचा. मग उपाय काय काढला, तर माल पाठवताना चेन अर्ध्यावर उघडूनच पाठवायची, म्हणजे ती टोचेल ती मधल्या कागदी गोलावर, गाण्यावर नाही. असली जुळवाजुळव ज्या धंद्यात होती तो धंदा मला आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांसारखा वाटतो, आधी करायचं, मग कुठं घासतंय ते बघायचं, मग जुगाड.

म्हणून तर मला अल्बमचं कव्हर ही कारागिरीची वस्तू वाटते. आता मोबाइलवर ते नखाएवढं झालंय. बारा इंची एलपी, मग दहा-अकरा सेंटिमीटरची कॅसेट, मग बारा सेंटिमीटरची सीडी, मग स्क्रीनवरचा ठिपका. कव्हर असं बारीक होत गेलं आणि त्याच काळात चौकातले चेहरे पासपोर्ट साइजवरनं वीस फुटांवर गेले, ह्याचा एकमेकांशी संबंध नाही हे मला कळतं, पण शाहूपुरीत सिग्नलला थांबलो की कानात नखाएवढ्या कव्हरचं गाणं आणि समोर वीस फुटी 'भावी' असं रोज होतं आणि डोक्यात नको ते जुळतंच.

फ्लॉइडनं विश यू वेअर हिअरसाठी, १९७५, एका स्टंटमनला खरंच पेटवला. रॉनी रॉन्डेल त्याचं नाव. दोन माणसं हस्तांदोलन करतायत आणि त्यातला एक जळतोय. फोटो घेता घेता वारं फिरलं आणि आग त्याच्या तोंडावर आली. आणि एवढं करून ते कव्हर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकलं! म्हणजे आग लावली आणि झाकून ठेवली. सगळा अल्बम जो माणूस तिथं नाही त्याच्याबद्दल, मग कव्हर पण गायब. ह्याला म्हणतात डोकं. ॲनिमल्सला, म्हणजे १९७७ च्या अल्बमला, वीज केंद्राच्या धुराड्यांमध्ये फुगवलेलं डुक्कर सोडलं, ते दोर तुटून विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरलं. द वॉल की ॲनिमल्स ह्या भांडणात मी ॲनिमल्सच्या बाजूनं आहे आणि त्यातला निम्मा मुद्दा त्या डुकराचा आहे हे कबूल करतो. पण हेच लोक १९८७ ला समुद्रकिनाऱ्यावर सातशेच्या आसपास खरे पलंग मांडून बसले, पाऊस आला म्हणून सगळे उचलून परत पुन्हा मांडले, कव्हर कमाल झालं, आणि अल्बम ऐकताना मला त्यातल्या एका पलंगावर आडवं व्हावंसं वाटतं. कव्हरवर पैसे ओतले की गाणी आपोआप होतात असं नाही. मंडप भारी आणि जेवण थंड, असली लग्नं आपण कमी खाल्लीत का.

मेटलवाल्यांचं वेगळंच. आयर्न मेडनचा एडी, डेरेक रिग्जनं काढलेला तो सांगाडा, १९८० पासून प्रत्येक कव्हरवर आहे, कधी इजिप्तचा राजा, कधी सैनिक, कधी सैतानाला बाहुलीसारखा नाचवणारा. मार्च २००७ ला ते बेंगळूरला आले तेव्हा आम्ही रात्रीच्या गाडीनं गेलो होतो, पॅलेस ग्राउंडवर धुळीत उभं राहून एडी स्टेजवर आलेला बघितला आणि दोस्त माझ्या कानात ओरडला, "आरं हा तर राजारामपुरीचा तांत्रिक देखावा!" डोळे फिरतायत, हात हलतोय, मागनं धूर. तेव्हापासून मला मेडनबद्दल जास्तच माया आहे. आणि बघा, तिथं पण गंमत तीच, चाळीस वर्षं फ्लेक्सवर एकच चेहरा, पण तो चेहरा बँडमधल्या कुणाचाच नाही. माणसं आली-गेली, सांगाडा कायम.

हे सगळं मी दोस्ताला सांगितलं तेव्हा त्यानं मला एका वाक्यात गप्प केलं. तो म्हणाला, "तुझ्या फ्लॉइडला सगळं जग वळखत हुतं, म्हणून नाव काढायचा माज. आमच्या पोराला गल्लीबाहेर कोण वळखतंय? त्यो वर्षातनं एकदा भिंतीवर दिसतोय, त्याच्या आईला बरं वाटतंय, तुझ्या पोटात का दुखालंय?"

खरं आहे. ह्याला लगेच उत्तर देता येत नाही. बीटल्सचा १९६३ चा पहिला एलपी काढा, जिन्यावरनं खाली वाकून चौघं दात काढून हसतायत, अगदी आपल्या शुभेच्छुकांसारखे. एल्व्हिसच्या १९५६ च्या पहिल्या कव्हरवर तोंड आणि नाव दोन्ही ढळढळीत. नव्या माणसानं चेहरा दाखवायचाच असतो, नाहीतर त्याला विचारणार कोण. खालच्या रांगेत ज्या पोराचा अंगठ्याएवढा फोटो असतो त्याला मी हसणार नाही, माझा पण होता, १९९९ चा गणपती, तेव्हा माझे केस खांद्यापर्यंत होते आणि पेंटरनं ते काळ्या टोपीसारखे रंगवले होते. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. माझी तक्रार वरच्याबद्दल आहे, जो पंधरा वर्षं 'भावी' आहे आणि पंधरा वर्षं तोच गॉगलवाला फोटो लावतोय. बीटल्स त्या जिन्यावरनं सहा वर्षांत झेब्रा क्रॉसिंगपर्यंत चालत आले. हा अजून जिन्यातच उभा.

आणि चेहरा लावायचाच तर त्यानं काहीतरी काम करावं ना. डेव्हिड बोवीचा १९७३ चा अलॅडिन सेन बघा, नुसतं तोंड आहे, डोळे मिटलेले आणि तोंडावर तिरकी लाल-निळी वीज, बास. किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमवर, १९६९ च्या, एक किंचाळणारा लाल चेहरा आहे, घशाच्या आतपर्यंत दिसतो, काढला बॅरी गॉडबर नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमरनं, आयुष्यात त्यानं हे एकच कव्हर केलं आणि वर्षाच्या आत चोविसाव्या वर्षी वारला. द क्लॅशच्या लंडन कॉलिंगवर, १९७९, बास गिटार आपटणारा पॉल सिमोनन आहे आणि त्याचा चेहरा दिसतच नाही, खाली वाकलाय, फोटो हललेला आहे, फोटोग्राफर पेनी स्मिथ स्वतः म्हणत होती हा नको, फोकस गेलाय. आमच्या दुकानात असला फोटो घेऊन गेलात तर ऑपरेटर म्हणणार "दुसरा व्हॉट्सॲपवर टाका की, ह्यो फाटालाय".

चेहरा नसून पण वस्तू किती लांब जाते ह्याचा एक नमुना मला परवा रंकाळ्यावर मिळाला. एक पोरगं, टी-शर्टवर जॉय डिव्हिजनच्या अननोन प्लेझर्सच्या त्या पांढऱ्या लाटा, १९७९ चं कव्हर. मी आपुलकीनं म्हटलं, भारी बँड. तो म्हणाला, "कसला बँड? डोंगराचं डिझाइन हाय ते." मी म्हटलं डोंगर नाहीत भावा, १९६७ साली आकाशात पहिला पल्सर सापडला ना, तारा असतो एक, त्याच्या रेडिओ लहरींचा आलेख आहे तो, पीटर सॅव्हिल म्हणून डिझायनर, त्यानं काळ्यावर पांढरा करून घेतला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली स्वतःच्या गाडीकडं बघितलं. पल्सरच होती, एकशेपन्नास. "मग जमतंय की," म्हणाला आणि किक मारून गेला.

आता कुणी म्हणेल हे सगळं लंडन-अमेरिकेचं, कोल्हापूरला काय त्याचं. तर उलट मला वाटतं ह्या विषयावर बोलायचा हक्क असलाच तर तो ह्या गावाला आहे. बाबूराव पेंटर, ह्यातलं पेंटर हे आडनाव नाही, धंदा आहे. मूळचे मिस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ह्या माणसानं स्वतः कॅमेरा बनवला, १९२० मध्ये सैरंध्री काढला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या कल्याण खजिनाचं त्यांचं पोस्टर भारतीय पोस्टरच्या इतिहासात पहिल्या पानावर येतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली आणि तिची ओळख कुठल्या नटाचं तोंड नव्हतं, तुतारी वाजवणारी एक बाई होती, नुसती आकृती. शिवाजी महाराजांचं जे चित्र सरकारी कचेऱ्यांत आपण बघतो ते काढणारे जी. कांबळे कोल्हापूरचे, आणि आधी सिनेमाची पोस्टरं रंगवणारे. थॉर्गरसन जे काम लंडनमध्ये करत होता ते आमच्या गावातले पेंटर शिडीवर बसून, एका हातात रंगाचा डबा धरून करत होते, आणि त्यातले काही लहानपणी मी टॉकीजच्या आवारात बघितलेत. आधी चौकोन आखायचे, मग एकेका चौकोनात नाक, डोळा, मिशी. जवळनं बघितलं की नुसते फराटे, रस्त्याच्या पलीकडनं बघितलं की माणूस उभा. मग डिजिटल फ्लेक्स आलं आणि शिडीवरची माणसं उतरली ती परत चढली नाहीत.

बेकायदा फलकांवरनं हायकोर्टानं महापालिकांना किती वेळा झापलं, मोहिमा निघतात, गाडी येते, चार काढतात, संध्याकाळी सहा लागतात. सगळा वाद परवाना आहे का नाही ह्याचा. परवाना असलेला भिकार फ्लेक्स पण भिकारच असतो, हे कुणी बोलत नाही. माझं म्हणणं, वर्षातनं एक महिना गावातला एक चौक बिनचेहऱ्याचा ठेवा. दळवीज आणि कलानिकेतन ह्या चित्रकलेच्या कॉलेजांतल्या पोरांना द्या, त्यांना म्हणा वाढदिवस ह्याचा आहे, ह्याचा स्वभाव असा आहे, ह्याला म्हशींचा नाद आहे, काढा काय काढायचं ते, फक्त थोबाड काढू नका. पैसे वाढदिवसवाल्यानंच द्यायचे. 'भावी' लोक तयार होणार नाहीत म्हणता? एकानं केलं की दुसरा करतोय, ईर्ष्येवर चालणारं गाव आहे हे, आपलं फुटबॉल बघा.

राहिलं आमच्या फ्लेक्सचं. लागला. सकाळी सातला मी आणि मंडळाच्या दोन पोरांनी विजेच्या खांबाला नाही, नीट बांबू रोवून लावला. साडेआठला दोस्ताच्या मावशीचा फोन त्याच्या आईला, "कोण गेलं गं?" काळा फ्लेक्स म्हणजे श्रद्धांजली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नऊ वाजता पांढरी टोपी घातलेले दोन आजोबा येऊन दारात उभे, दोस्त आतनं टॉवेलवर बाहेर आला तर त्याला जिवंत बघून ते जरा नाराजच झाल्यासारखे वाटले. एकानं विचारलं रंगाच्या कंपनीचं दुकान निघालंय का. शाळेतली पोरं थांबून तानापिहिनिपाजा म्हणत होती आणि त्यातली एक बारकी पोरगी, सहावीतली असेल, म्हणाली, "ह्यात पारवा नाहीच्चे!" मी त्या पोरीला आइस्क्रीम दिलं. चार दिवस त्या कोपऱ्यावर जो आला तो थांबला, वर बघितलं, शेजारच्याला विचारलं. त्याच कोपऱ्यावर आणखी पाच फ्लेक्स होते, एक तर चांगला पंधरा फुटी. ते कुणाचे होते हे आता त्या गल्लीत कुणाला सांगता येईल का बघा.

दोस्ताची आई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. तिनंच तो उतरवला आणि पाऊस लागायच्या आत गल्लीच्या टोकाच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून देऊन टाकला. परवा दूध आणायला गेलो, पाऊस बदाबदा, वर पत्र्यावर आमचा त्रिकोण ताणून बांधलेला, रंगांचा पट्टा एका कडेनं खाली लोंबतोय आणि त्याच्यावरनं पाणी गळतंय. खाली म्हैस रवंथ करत उभी. मी मोबाइल काढून म्हटलं जरा इकडं बघ गं. तिनं मान वळवून असं बघितलं की मीच तिच्या दारात फोटो काढायला आलेला कोण हा.